दाब तोच, वारा वेगळा

२४ ऑगस्ट १९९२ च्या पहाटे ‘अँड्र्यू’ हे हरिकेन फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाशी, मायामीच्या खालच्या अंगाला असलेल्या होमस्टेडजवळ किनाऱ्यावर चढले. त्याच्या केंद्रातला हवेचा दाब होता ९२२ हेक्टोपास्कल. तेरा वर्षांनी, २९ ऑगस्ट २००५ च्या सकाळी, ‘कतरिना’ लुईझियानातल्या बुरास गावाजवळ जमिनीवर आले, तेव्हा त्याच्या केंद्रातला दाब होता ९२०. दोघांत फरक अवघ्या दोन हेक्टोपास्कलचा. एवढा चढउतार मुंबईत अगदी निवांत दिवशीही सकाळी दहा आणि दुपारी चारच्या दरम्यान होतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. दाबावरून पाहिले तर अँड्र्यू आणि कतरिना जुळी भावंडेच म्हणायची.

वाऱ्याचे आकडे मात्र वेगळेच सांगतात. किनाऱ्यावर येताना अँड्र्यूचा वारा ताशी २७० किलोमीटरचा होता, कतरिनाचा २०५ चा. पहिले पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीत बसले, दुसरे तिसऱ्या. भिंतीवर किंवा छपरावर वाऱ्याचा जो रेटा बसतो तो वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. त्या हिशेबाने अँड्र्यूचा रेटा कतरिनाच्या पावणेदोन पट होता. आणि तरीही समुद्र जास्त चढला तो ‘कमजोर’ कतरिनाच्या वेळी. मिसिसिपीच्या किनाऱ्यावर पास ख्रिश्चन इथे पाणी साडेआठ मीटरपर्यंत गेले; अँड्र्यूच्या वेळी बिस्केन उपसागरात ते पाच मीटरच्या आसपास थांबले होते.

दाब जितका कमी तितका वारा जोराचा, हे शाळेच्या भूगोलात सगळेच शिकतात. नियम खोटा नाही, पण तो अर्धाच आहे. उरलेला अर्धा भाग समजला नाही, तर वादळाच्या बातमीतले आकडे नुसते कानावरून जातात. हरिकेनच्या पोटात दाब आणि वारा यांचे नाते नेमके काय असते, ते कुठवर गणिताला धरून चालते आणि कुठे गणिताचा हात सोडते, एवढाच या प्रस्तावनेचा विषय आहे. वादळांच्या कहाण्या पुढच्या पानांवर आहेतच. त्या वाचताना हे दोन आकडे सतत भेटतील.

आधी दाबाबद्दल. समुद्रसपाटीवर हवेचा सरासरी दाब १०१३ हेक्टोपास्कल धरतात. जुनी मंडळी ज्याला मिलिबार म्हणत तेच हे माप. याचा अर्थ, जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे दहा टन वजनाची हवा उभी असते. समुद्रसपाटीवर आजवर नोंदला गेलेला सर्वांत कमी दाब १२ ऑक्टोबर १९७९ चा आहे. पश्चिम प्रशांत महासागरात ‘टिप’ नावाच्या टायफूनच्या केंद्रात तो ८७० हेक्टोपास्कलपर्यंत उतरला होता. हा आकडा ऐकून धडकी भरावी अशी अपेक्षा असते. पण पाचगणीच्या पठारावर हवेचा दाब जवळपास एवढाच असतो, बारा महिने, तेराही काळ. तिथे शाळा भरतात, स्ट्रॉबेरी पिकते, आणि कुणी वाऱ्याने उडून जात नाही.

म्हणजे कमी दाबात मुळात विध्वंसक असे काहीच नाही. वारा निर्माण होतो तो शेजारच्या दोन ठिकाणांतल्या दाबाच्या फरकातून, आणि तोही आडव्या फरकातून. उभा फरक तर याहून कितीतरी मोठा असतो. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणाऱ्याच्या डोक्यावरची हवा तास-दीड तासात शंभराहून अधिक हेक्टोपास्कलने हलकी होते. पण त्या फरकाला गुरुत्वाकर्षण तोलून धरते, म्हणून खालची हवा वर उसळत नाही. आडव्या फरकाला असा तोलणारा कुणी नसतो. त्यामुळे हवेला हलावेच लागते.

फरक किती, याइतकेच तो किती अंतरात आहे, हे महत्त्वाचे. महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा पूर्वेला वळते आणि सुमारे चौदाशे किलोमीटरची मजल मारून बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच डोंगरातून निघालेली सावित्री पश्चिमेला उडी घेते आणि शंभरेक किलोमीटरमध्येच बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रात जाते. उंची तीच, उतार वेगळा, म्हणून पाण्याचा स्वभाव वेगळा. हरिकेनमध्ये हेच दाबाचे होते. एरवी मुंबई आणि नागपूर यांच्यातला दाबाचा फरक चार-पाच हेक्टोपास्कलही भरत नाही. अँड्र्यूच्या तोडीच्या वादळात, केंद्राशी असलेल्या ‘डोळ्या’भोवतीच्या ढगांच्या भिंतीत, दर किलोमीटरला दोन-अडीच हेक्टोपास्कल उतरतात. मुंबई ते नागपूर एवढ्या अंतरातला फरक तिथे दोन किलोमीटरमध्ये आटपतो.

मग ही हवा सरळ केंद्रात घुसून खड्डा भरून का टाकत नाही? तसे झाले असते तर कुठलेही वादळ काही तासांपेक्षा जास्त जगले नसते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाहती हवा उत्तर गोलार्धात उजवीकडे वळते, हे त्याचे पहिले कारण. वळता वळता ती केंद्राभोवती प्रदक्षिणा घालू लागते. केंद्राच्या जितकी जवळ येईल तितका तिचा वेग वाढतो, कारण फिरत्या वस्तूचा कोनीय संवेग सहजासहजी नष्ट होत नाही. वेग वाढला की तिला बाहेर फेकू पाहणारा जोरही वाढतो. अखेर केंद्रापासून एका ठरावीक अंतरावर आत ओढणारा दाब आणि बाहेर फेकणारा जोर यांची बरोबरी होते. हवा तिथे गोल गोल धावत राहते, पण आत शिरत नाही. हीच ती डोळ्याची भिंत, वादळातली सर्वांत तुफान जागा. तिच्या आत डोळ्यात वारा पडलेला असतो, आणि दाब मात्र तिथेच सर्वांत कमी असतो. कमी दाब म्हणजे जोराचा वारा, हे सूत्र पाठ केलेल्याला इथे पहिला धक्का बसतो.

या तोलातूनच एक गणिती नियम निघतो. वाऱ्याचा वेग दाबाच्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. फरक चौपट झाला तर वारा दुप्पट होतो. उलट बाजूने पाहिले तर हाच नियम घरादाराच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाप्रमाणे, आणि वेगाचा वर्ग दाबाच्या फरकाप्रमाणे. म्हणजे पत्र्यावर बसणारा मार सरळ दाबाच्या फरकाच्या पटीत वाढतो. ताशी ११० किलोमीटरच्या वाऱ्यात दर चौरस मीटरला सुमारे ५५ किलोचा भार येतो. ताशी २७० ला तो सव्वातीनशे किलोच्या पुढे जातो. कौलारू घराला दोन्ही आकडे जडच. पण पहिल्यात कौले जातात. दुसऱ्यात भिंतीही राहतील याची खात्री नसते.

हे सगळे आज सरळ वाटते. दोनशे वर्षांपूर्वी यावरून अमेरिकेत चांगलीच जुंपली होती. विल्यम रेडफील्ड हा कनेटिकटमधला खोगिरे बनवणारा कारागीर. सप्टेंबर १८२१ च्या वादळानंतर त्या मुलुखातून जाताना त्याने पाहिले, की एका भागात झाडे एका दिशेला आडवी झाली आहेत आणि पुढे गेल्यावर बरोबर उलट्या दिशेला. त्याने ताडले, की वादळ म्हणजे एक मोठी भोवरी असली पाहिजे. १८३१ मध्ये त्याने हे छापून मांडले. केंद्रातली हवा बाहेर फेकली जाते म्हणून तिथला दाब उतरतो, असे त्याचे म्हणणे. जेम्स एस्पी हा त्याचा प्रतिस्पर्धी. त्याचे म्हणणे नेमके उलटे होते. बाष्पाचे पाणी होताना उष्णता सुटते, हवा वर चढते, म्हणून दाब उतरतो आणि चहूबाजूंनी वारा सरळ आत धावतो. एक म्हणे वाऱ्यामुळे दाब, दुसरा म्हणे दाबामुळे वारा. दोघांनी एकमेकांवर पाने खर्ची घातली. १८५६ मध्ये विल्यम फेरेलने पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम हिशेबात आणला, तेव्हा कुठे दोन्ही अर्धी उत्तरे एकमेकांत बसायला लागली.

एस्पीचे अर्धे उत्तर आज अधिक मानाने घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. हरिकेनचे इंजिन चालते ते समुद्राच्या उष्णतेवर. साडेसव्वीस अंशांहून गरम पाणी त्याला लागते. वर चढणाऱ्या दमट हवेतले बाष्प निवते, त्यातून सुटलेली उष्णता केंद्राभोवतीची हवा तापवते. डोळ्यात तर वरून खाली दबणारी हवा आणखी तापते. काही किलोमीटर उंचीवर डोळ्यातली हवा बाहेरच्यापेक्षा दहा अंशांहून अधिक गरम आढळते. गरम हवा हलकी, म्हणून तिच्या स्तंभाचे वजन कमी, म्हणून तळाशी दाब कमी. दाब उतरला की वारा वाढतो, वारा वाढला की समुद्रातून आणखी बाष्प उचलले जाते, आणि चक्र पुढे चालते. ऑक्टोबर २००५ मध्ये ‘विल्मा’ या हरिकेनमध्ये हे चक्र इतक्या झपाट्याने फिरले, की चोवीस तासांत केंद्रातला दाब ९७ हेक्टोपास्कलने घसरला आणि ८८२ वर आला. अटलांटिकमधला तो आजही विक्रम आहे. त्या वेळी विल्माच्या डोळ्याचा व्यास चार किलोमीटरहूनही कमी होता.

दाब आणि वारा यांच्यातला एक व्यावहारिक भेद इथे सांगायला हवा, कारण वादळांचा बराचसा इतिहास त्यावरच उभा आहे. दाब मोजणे सोपे, वारा मोजणे महाकठीण. बॅरोमीटर घरात, कपाटात, नौकेच्या खणात ठेवला तरी चालतो. दारे-खिडक्या लावल्याने दाब बदलत नाही. वेगमापकाला मात्र उघड्यावर, खांबाच्या टोकाला, वाऱ्याच्या तोंडी उभे राहावे लागते. १९०० साली गॅल्व्हेस्टनला वेगमापकाने ताशी शंभर मैलांचा आकडा दाखवला आणि तो स्वतःच उडून गेला. १९९२ मध्ये अँड्र्यूने अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राच्या छपरावरचे रडारच उखडून नेले. जिथे वारा सर्वांत जास्त होता तिथला आकडा बहुतेक वेळा वाऱ्याबरोबर गेलेला असतो.

२ सप्टेंबर १९३५ च्या ‘लेबर डे’ वादळाचे उदाहरण घ्या. फ्लोरिडाच्या बेटसाखळीवर ते आदळले, रेल्वेमार्ग धुऊन निघाला, आयलामोराडाला सुटकेसाठी पाठवलेली गाडी लाटेने आडवी केली. वाऱ्याची विश्वसनीय नोंद एकही उरली नाही. उरला तो एक साधा, बिनपाऱ्याचा बॅरोमीटर. तो पुढे वॉशिंग्टनला नेऊन तपासला गेला आणि त्यावरून ८९२ हेक्टोपास्कल हा आकडा पक्का झाला. आज त्या वादळाचा वारा ताशी सुमारे ३०० किलोमीटर सांगतात, तो या दाबावरून आणि वादळाच्या चिमुकल्या आकारावरून मागाहून काढलेला आहे. तो कुणी मोजलेला नाही.

अँड्र्यूचीही गोष्ट तीच, फक्त अधिक नाट्यमय. ९२२ हा दाब होमस्टेड परिसरातल्या रहिवाशांच्या घरगुती बॅरोमीटरवरून मिळाला. ती उपकरणे नंतर दाबकक्षात ठेवून तपासली गेली, त्यांची चूक किती ते काढले गेले आणि मग आकडा ठरला. तो अजून तसाच आहे. वारा मात्र बदलला. सुरुवातीला तो ताशी २३० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे चौथ्या श्रेणीचा, ठरवला होता. वादळाचा वेध घेणारे विमान तीन किलोमीटर उंचीवरून उडते. तिथल्या वाऱ्याच्या पाऊण हिस्सा, फार तर ऐंशी टक्के, जमिनीलगत असतो असे तेव्हा धरत. १९९७ पासून वादळात सोडलेल्या नव्या ड्रॉपसोंडांनी दाखवले, की डोळ्याच्या भिंतीत हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या घरात असते. जुने आकडे पुन्हा तपासले गेले आणि ऑगस्ट २००२ मध्ये, वादळाला दहा वर्षे झाल्यावर, अँड्र्यूला पाचवी श्रेणी मिळाली.

ड्रॉपसोंड ही हातभर लांबीची नळी. विमानाच्या पोटातून ती सोडतात. छोट्या छत्रीला लोंबकळत ती खाली येते आणि येता येता सेकंदाला दोनदा दाब, तापमान, आर्द्रता विमानाला कळवते. तिच्या सरकण्यावरून वारा कळतो. शेवटी समुद्रात बुडते. विल्माच्या डोळ्यात सोडलेल्या नळीने पाण्याला टेकताना ८८४ हेक्टोपास्कल दाखवले. पण त्याच क्षणी तिथे २३ नॉटचा वाराही होता. वारा आहे म्हणजे नळी बरोबर केंद्रात पडलेली नाही, थोडी बाजूला पडली आहे. खऱ्या केंद्रात दाब आणखी कमी असणार. म्हणून जाणकारांनी दोन हेक्टोपास्कल वजा केले आणि ८८२ हा विक्रम लिहिला. दाब आणि वारा यांचे नाते इतके भरवशाचे, की एकाने दुसऱ्याची चूक दुरुस्त करावी.

वादळात विमान घालण्याची ही प्रथा एका पैजेतून सुरू झाली. २७ जुलै १९४३ रोजी कर्नल जोसेफ डकवर्थ याने एका इंजिनाचे प्रशिक्षण विमान टेक्सासजवळच्या हरिकेनच्या डोळ्यात नेऊन परत आणले. आज अमेरिकेची अशी दोन चार-इंजिनी विमाने ‘केर्मिट’ आणि ‘मिस पिगी’ या मुलांच्या बाहुल्यांच्या नावांनी ओळखली जातात. इतक्या गंभीर कामाला इतकी पोरकट नावे देणे अमेरिकनांनाच जमते.

आपल्या बाजूच्या समुद्रांवर अशी विमाने नित्यनेमाने जात नाहीत, आणि इथेच एक मेख आहे जी वर्तमानपत्रांतून फारशी कुणी सांगत नाही. अरबी समुद्रात किंवा बंगालच्या उपसागरात वादळ खोल पाण्यात असते तेव्हा त्याची ताकद मुख्यतः उपग्रहाच्या चित्रांवरून ठरते. अमेरिकन हवामानतज्ज्ञ व्हर्नन डव्होराक याने १९७० च्या दशकात ढगांच्या ठेवणीवरून वादळाला एक ते आठपर्यंत गुण देण्याची पद्धत बसवली. त्या गुणावरून वारा काढतात आणि वाऱ्यावरून दाब. त्यासाठी भारतीय समुद्रांपुरते एक सूत्र मिश्रा आणि गुप्ता यांनी १९७६ मध्ये मांडले. बाहेरचा दाब वजा केंद्रातला दाब, त्याचे वर्गमूळ, गुणिले १४.२, की नॉटमध्ये वारा मिळतो. फरक २५ हेक्टोपास्कल असेल तर वारा ७१ नॉट. फरक १०० असेल तर १४२.

आता हे सूत्र नोंदींना लावून पाहा. २९ ऑक्टोबर १९९९ च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळाने दहा हजारांच्या आसपास माणसे नेली. केंद्रातला दाब ९१२, वारा १४० नॉट, म्हणजे ताशी २६० किलोमीटर. बाहेरचा दाब १०१० धरला तर फरक ९८, वर्गमूळ ९.९, आणि उत्तर १४० च. मे २०२१ चे ‘तौक्ते’ घ्या. दाब ९५०, वारा ताशी १८५. बाहेर १००० धरले तर सूत्र १०० नॉट देते, म्हणजे तेच १८५. गणित इतके चोख जुळले की शंका यायला हवी, आणि ती रास्त आहे. हे दोन आकडे म्हणजे दोन साक्षीदार नव्हेत. एकाच साक्षीदाराची जबानी दोनदा लिहून घेतली आहे. हा हवामान विभागाला दोष नाही. खोल समुद्रात मोजायला कुणी नसेल तर याहून बरा मार्ग नाही. पण दाबाने वाऱ्याची खात्री पटवली असे मात्र अशा वेळी म्हणता येत नाही.

सूत्रात ‘बाहेरचा दाब’ आहे, त्याकडे सहसा दुर्लक्ष होते. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबागच्या दक्षिणेला आले. श्रीवर्धन, दिवेआगरपासून दापोलीपर्यंत सुपारीच्या आणि नारळाच्या बागा त्याने झोपवल्या. त्याचा दाब होता ९८४ आणि वारा ताशी ११०. मुंबई-कोकणात जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, सगळीकडचाच दाब उतरलेला असतो, हजाराच्या जरा वर. निसर्गची खरी पुंजी वीसएक हेक्टोपास्कलचीच. अटलांटिकमध्ये ऑगस्टमध्ये बाहेरचा दाब १०१३ च्या पुढे असतो. तिथे ९८४ ला वारा अधिक मिळाला असता. पश्चिम प्रशांतातल्या टायफूनांचे दाब अटलांटिकपेक्षा खाली दिसतात, त्यामागेही अंशतः हेच कारण आहे.

याहूनही मोठा गुंता आकाराचा. २३ ऑक्टोबर २०१५ ला मेक्सिकोच्या पश्चिमेला ‘पॅट्रिशिया’चा दाब ८७२ वर गेला. टिपपेक्षा दोन जास्त. पण वारा ताशी ३४५ किलोमीटर, आजवरचा सर्वाधिक, टिपचा ३०५. टिपचा पसारा अजस्र होता. वादळी वाऱ्याचे त्याचे वर्तुळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बावीसशे किलोमीटरचे. पॅट्रिशिया त्यामानाने आटोपशीर. दाबाची जवळपास तेवढीच दरी, एकीत पायऱ्या दूर दूर, दुसरीत सरळ कडा.

टोकाचे उदाहरण हवे असेल तर ‘चार्ली’ आणि ‘सँडी’. ऑगस्ट २००४ मध्ये फ्लोरिडाला धडकताना चार्लीचा दाब ९४१, ऑक्टोबर २०१२ मध्ये न्यू जर्सीला पोचताना सँडीचा ९४५. वारा ताशी २४० आणि १३०. चार्लीचा डोळा आक्रसून नऊ-दहा किलोमीटरवर आला होता. सँडीचे वादळी वारे हजार मैलांच्या पट्ट्यात पसरले होते. शिवाय सँडी बरीच उत्तरेला होती. अक्षांश वाढतो तसा पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम वाढतो आणि दाबाच्या ओढीचा मोठा वाटा तोच खाऊन टाकतो. तेवढ्याच वाऱ्यासाठी दाब अधिक उतरावा लागतो. वादळाची स्वतःची चालही हिशेबात धरावी लागते. सप्टेंबर १९३८ मध्ये न्यू इंग्लंडवर आलेले हरिकेन ताशी सत्तरहून अधिक किलोमीटरने सरकत होते. त्याच्या उजव्या अंगाच्या वाऱ्यात ती चाल मिळाली आणि बोस्टनजवळच्या ब्लू हिल वेधशाळेत ताशी सुमारे ३०० किलोमीटरचा झोत नोंदला गेला.

कतरिनाचे कोडे इथे सुटते. २८ ऑगस्टला मेक्सिकोच्या आखातात ती ऐन भरात होती. दाब ९०२, वारा ताशी २८०. मग डोळ्याची आतली भिंत ढासळू लागली आणि बाहेर नवी, रुंद भिंत उभी राहू लागली. असे झाले की जोराचा वारा केंद्रापासून लांब सरकतो, पसरतो आणि त्याचे टोक बोथट होते. दाब वर चढायला मात्र वेळ लागतो, कारण इतकी हवा भरून काढायची असते. म्हणून किनाऱ्यावर येताना वारा तिसऱ्या श्रेणीचा, पण दाब जवळजवळ पाचव्याच्या पंक्तीतला. पाणी कुणी उचलले, तर या पसाऱ्याने. निव्वळ कमी दाबाने समुद्र किती फुगतो याचा हिशेब सोपा आहे. एका हेक्टोपास्कलला एक सेंटिमीटर. कतरिनाच्या बाबतीत तो एक मीटरही भरत नाही. बाकीचे सात-साडेसात मीटर पाणी शेकडो किलोमीटर रुंदीच्या वाऱ्याने उथळ किनाऱ्याकडे दिवसभर रेटून आणले होते.

एवढे असूनही २०१० मध्ये अमेरिकेने आपल्या सॅफिर-सिम्पसन श्रेणीतून दाब आणि उधाण दोन्ही काढून टाकले. आता श्रेणी ठरते ती फक्त वाऱ्यावर. कारण समजण्यासारखे होते. एकाच श्रेणीत तीन गोष्टी कोंबल्या की त्या एकमेकींशी भांडतात, आणि कतरिनाने ते उघड केले होते. पण त्यातून टिकवला गेला तो नेमका मोजायला सर्वांत अवघड असलेला आकडा, ज्याच्या सरासरीचा काळही देशागणिक वेगळा. अमेरिका एका मिनिटाची सरासरी घेते, भारत तीन मिनिटांची, जागतिक हवामान संघटना दहा मिनिटांची सुचवते. या प्रस्तावनेतले आकडेही त्यामुळे एकमेकांशेजारी जपूनच ठेवायला हवेत. फिलिप क्लोट्झबाख आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये अमेरिकेवर आलेल्या शतकभराच्या हरिकेनांचा हिशेब मांडला, तेव्हा नुकसानीचा अंदाज वाऱ्यापेक्षा केंद्रातल्या दाबावरून अधिक चांगला येतो असे आढळले. त्यात नवल नाही. दाबाच्या आकड्यात वादळाचा जोरही असतो आणि पसाराही.

कोकणात बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की होड्या ओढून घेतल्या जातात, आणि टीव्हीवर वाऱ्याचा एकच आकडा फिरत राहतो. भारतीय हवामान विभागाच्या चक्रीवादळ पत्रकात मात्र त्याच्या शेजारी अंदाजित केंद्रीय दाब दिलेला असतो, आणि २०१० पासून आणखी एक तक्ताही असतो. २८, ३४, ५० आणि ६४ नॉटचे वारे केंद्रापासून ईशान्य, आग्नेय, नैर्ऋत्य आणि वायव्य या चारही अंगांना किती लांब पोचतील, ते त्यात चौथाईगणिक लिहिलेले असते. अँड्र्यू आणि कतरिना यांच्यातला फरक दोन हेक्टोपास्कलच्या आकड्यांत शोधून सापडत नाही; तो अशाच तक्त्यात, एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर जाताना दिसतो.